भीती कुणाची

हॅदरस्टनमध्ये गुन्हे कमी झाले होते, पण गावात ते कुणालाच खरं वाटत नव्हतं.

इंग्लंडच्या मध्यभागी, एका जुन्या कालव्याच्या काठी वसलेलं हे सव्वा लाख वस्तीचं शहर. एके काळी इथे मोजे विणण्याच्या गिरण्या होत्या, आता त्यांच्या जागी मोठाली गोदामं होती. घरफोड्या बरीच वर्षं घटत चालल्या होत्या, मारामाऱ्याही घटल्या होत्या. पोलिसांचे आकडे तसं सांगत. पण घरोघर जाऊन विचारलं की बहुतेक लोक म्हणत, गाव बिघडलंय. हिवाळ्यात चार वाजता अंधार पडायला लागला की हाय स्ट्रीटवरची दुकानं शटर ओढून घेत. रस्ता ओस पडला की टोळकी जमत, एखादी काच फुटे, आणि दुसऱ्या दिवशी आणखी एक दुकान लवकर बंद होई. शेवटी टाउन कौन्सिलच्या एका बैठकीत कुणीतरी मुद्दा मांडला, की नुसते गुन्हे कमी करून भागणार नाही, लोकांची भीती कमी करायला हवी. पण जी गोष्ट मोजता येत नाही ती कमी झाली हे कळणार कसं?

त्याचं उत्तर रस्त्यावरच्या दिव्यांनी दिलं.

माणसाच्या शरीरात आयसोप्रीन नावाचं एक वायुरूप रसायन सतत तयार होत असतं आणि त्यातलं बरंचसं स्नायूंमध्ये साठून राहतं. आपण दचकलो, अंग आकसलं, की स्नायू आवळले जातात, हे रसायन रक्तात उतरतं आणि काही क्षणांत उच्छ्वासातून बाहेर पडतं. चित्रपटगृहांतली हवा तपासणाऱ्या संशोधकांच्या ते आधीच लक्षात आलं होतं. पडद्यावर भयाचा प्रसंग आला की प्रेक्षागृहातल्या हवेत आयसोप्रीनची लाट उठायची. बंद खोलीत हे सोपं होतं. उघड्या रस्त्यावर वारा असतो, मोटारींचा धूर असतो. एका लहानशा कंपनीने त्यावर तोड काढली. प्रत्येक दिव्याच्या खांबात तिने लेसरवर चालणारा एक संवेदक, म्हणजे सेन्सर, बसवला, सोबत वाऱ्याची दिशा आणि वेग मोजणारं यंत्र. शेजारशेजारच्या खांबांची मोजमापं एकत्र करून संगणक उलट गणित मांडायचा आणि लाट नेमकी कुठे उठली ते सांगायचा. शेतात धूर दिसला की वाऱ्यावरून आपण आगीची जागा ताडतो, तसंच. भीती वाढली की त्या जागचा दिवा पिवळ्याचा पांढरा आणि लख्ख व्हायचा आणि जवळच्या गस्तवाल्याला संदेश जायचा. कुणी ओरडण्याआधीच तो तिथे हजर असायचा.

नीलाक्षी कारखानीसचं हाय स्ट्रीटवर चष्म्याचं दुकान होतं. डोळे तपासण्याचं शिक्षण तिने इथेच घेतलं होतं आणि सतरा-अठरा वर्षं हे दुकान चालवलं होतं. त्या काळात तिच्या दुकानाची काच दोनदा फुटली. दुसऱ्या खेपेला ती आत होती. पोरांनी दर्शनी कपाटातल्या फ्रेम उचलून नेल्या. तिला कुणी हातही लावला नाही, पण पुढे कित्येक आठवडे दाराची घंटा वाजली की ती काउंटरमागे सरायची. दिव्यांच्या योजनेवर जाहीर सभा झाली तेव्हा ती उठून बोलली होती. गुन्हा एकदाच घडतो, भीती रोज घडते, असं ती म्हणाली होती. स्थानिक वर्तमानपत्राने ते वाक्य तिच्या फोटोसकट छापलं.

योजना यशस्वी झाली, यात वाद नाही. पहिल्याच हिवाळ्यात दुकानं पुन्हा सहापर्यंत उघडी राहू लागली. मग दुसरा टप्पा आला. भीती कुठे आहे हे कळलं होतं, आता ती कुणामुळे निर्माण होते हे शोधायचं होतं. कायद्याने चेहरे ओळखायला बंदी होती, म्हणून दिवे चाल ओळखत. प्रत्येकाची पावलं टाकण्याची लय वेगळी असते. एखादी चाल जिथे जिथे जाते तिथे तिथे भीतीची लाट उठत असेल, तर तो माणूस ‘कारक’ ठरायचा आणि गस्तवाले त्याचं नाव शोधून काढायचे. जे घाबरत त्यांची चाल मात्र नोंदवायची नाही, असा नियम होता. घाबरणं ही ज्याची त्याची खाजगी बाब. कारक माणसाला शिक्षा नव्हती, त्याच्यावर आरोपही नव्हता. त्याला फक्त सूचना मिळायची, की दिवे लागल्यावर गावाच्या मध्यभागात फिरू नये. सूचना मोडली तर मात्र दंड होता आणि पुढे कोर्ट. पहिल्या कारकांमध्ये अमली पदार्थ विकणारे दोघे सापडले आणि मुलींच्या मागे जाणारा एक जण. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नंतरच्या नावांमध्ये स्वतःशी मोठमोठ्याने बोलणारी एक म्हातारी होती, पण तोवर फारसं कुणी विचारत नव्हतं. नीलाक्षीनेही विचारलं नाही.

ग्वेन प्रिचर्ड दुकानात आली ती नोव्हेंबरातल्या एका दुपारी. ती वेल्समधली, पोलिसात सार्जंट होती, निवृत्तीनंतर कौन्सिलच्या सुरक्षा विभागात काम करू लागली होती. नीलाक्षी तिला सभांमधून ओळखत होती. गिऱ्हाईक जाईपर्यंत ग्वेन थांबली, मग म्हणाली की ती उदयनबद्दल बोलायला आली आहे.

उदयन हा नीलाक्षीचा नवरा. सहा फूट उंच, रुंद खांद्यांचा. बस डेपोत इंजिनांची देखभाल पाहायचा आणि उन्हाळ्यात दर रविवारी गावच्या क्रिकेट लीगमध्ये अंपायर म्हणून उभा राहायचा. त्याचा आवाज इतका शांत, की बाद झालेले फलंदाजही त्याच्याशी वाद घालत नसत. मार्च महिन्यात त्याला स्ट्रोक आला. तो वाचला, पण उजवा हात लुळा पडला, तो उजवा पाय ओढत चालू लागला आणि त्याचे शब्द गेले. म्हणजे मनात काय आहे ते त्याला ठाऊक असायचं, तोंडाला शब्द मिळायचा नाही; पाणी हवं असलं तर तो ‘खिडकी’ म्हणायचा आणि आपण चुकलो हे कळून संतापायचा. मराठी थोडी उरली होती, इंग्रजी जवळजवळ गेलीच. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. म्हणून दुकान मदतनीस मुलीवर सोपवून नीलाक्षी रोज दुपारी चारच्या सुमाराला त्याला घेऊन निघे. हाय स्ट्रीटवरून कालव्याच्या पुलापर्यंत जायचं आणि परत यायचं.

ग्वेनने सांगितलं ते थोडक्यात असं, की उदयनची चाल कारक ठरली आहे. तो रस्त्यावर असला की जवळपास दरवेळी दिवे पांढरे होतात. दोन आठवड्यांनी सूचना लागू होईल. त्याआधी फेरतपासणी मागता येईल.

“तो आजारी आहे,” नीलाक्षी म्हणाली.

ग्वेन म्हणाली की तिला ते माहीत आहे आणि वाईटही वाटतंय. पण तो आजारी आहे की नाही हे दिवे पाहत नाहीत. लोक घाबरतात एवढंच त्यांना कळतं.

हिवाळ्यात दिवे चारला लागायचे. गावाचा मध्यभाग टाळायचा तर उरायची गोदामांची बिनफुटपाथची सडक. म्हणजे चालणं बंदच.

मुलगी सानिका त्या शनिवारी लीड्सहून आली. ती तिथे एका वकिलाच्या कचेरीत काम करत होती. तिला यात आश्चर्य वाटण्यासारखं काहीच दिसलं नाही. धिप्पाड, सावळा, पाय ओढणारा माणूस समोरून येतोय, तोंडाने काहीतरी अगम्य बोलतोय. लोकांच्या मनात जे आधीपासून आहे तेच दिवे मोजताहेत, असं तिचं म्हणणं. हा वर्णद्वेष आहे, फक्त तो आता खांबात बसवलाय. वर्तमानपत्राकडे जायचं, असं तिने ठरवूनही टाकलं. शेजारचा ट्रेव्हर, निवृत्त पोस्टमन, तिच्या बाजूने बोलला. त्याचे आईवडील जमैकाहून आलेले. तरुणपणी तो पलीकडून आला की बायका पर्स छातीशी धरायच्या, आणि पोस्टमनचा गणवेश चढवला की त्याच बायका हसून ‘गुड मॉर्निंग’ म्हणायच्या. नीलाक्षी ऐकत होती. तिला हे सगळं पटत होतं आणि राग आला होता, आणि त्या रागात थोडं बरंही वाटत होतं, कारण दोष बाहेरच्यांचा होता.

उदयन खुर्चीत बसून तिघांच्या तोंडांकडे पाहत होता. काय चाललंय ते त्याला कळत होतं. मधेच तो “घड्याळ” म्हणाला, मग मान हलवून गप्प बसला.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी दुकानात एक म्हातारे गृहस्थ नवीन चष्मा नाकावर नीट बसत नाही म्हणून अडून बसले. नीलाक्षीला निघता येईना. तिने ट्रेव्हरला फोन केला आणि तो आनंदाने उदयनला घेऊन निघाला. तो उदयनला ‘युडी’ म्हणे आणि त्याच्याशी अखंड क्रिकेटबद्दल बोले. उत्तराची त्याला गरज नसायची.

गिऱ्हाईक मार्गी लावून ती दाराशी आली तेव्हा ते दोघे पुलाकडून परतत होते. दिवे लागले होते. रस्त्यावर बऱ्यापैकी गर्दी होती, शाळा सुटून थोडाच वेळ झाला होता. उदयन पाय ओढत बेकरीवरून, बँकेवरून, मोबाइलच्या दुकानावरून पुढे आला. त्याच्या डोक्यावरचे दिवे एकामागून एक मागे पडत होते, सगळे पिवळे. बाबागाडी घेतलेली एक तरुण बाई थांबली, ट्रेव्हरशी बोलली, उदयनने वाकून बाळाकडे पाहिलं. दिवा पिवळाच राहिला.

मग उदयनला नीलाक्षी दिसली. त्याने डावा हात वर केला आणि ट्रेव्हरला मागे टाकून, फुटपाथ उतरून तो सरळ तिच्याकडे यायला लागला.

तिच्या दुकानासमोरचा दिवा पांढरा झाला.

तिने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. त्या लख्ख उजेडात ती एकटीच उभी होती.

सानिकाला तिने फोनवर सांगितलं तेव्हा सानिका उत्साहाने बोलत सुटली. खटला जिंकल्यातच जमा आहे, असं तिचं म्हणणं पडलं. घाबरणाऱ्यांची नोंद ठेवायची नाही या नियमामुळे संगणकाला कळलंच नाही की रोज घाबरणारी बाई एकच आहे. बाबा पडतील, गाडीखाली येतील म्हणून आईचा जीव टांगणीला लागतो, अंग आकसतं, आणि ते यंत्र समजतं की लोक बाबांना घाबरले. फेरतपासणीत एवढंच सांगायचं.

“आई? तसंच आहे ना?”

“हो,” नीलाक्षी म्हणाली. “तो पडेल याचीच भीती.”

सानिका परत आली ती फेरतपासणीच्या आदल्या दिवशी. आईने स्वयंपाकघरात भांडी धुण्यासाठी बाह्या वर सारल्या. डाव्या मनगटाच्या वर एक पिवळसर, जुना होत आलेला वळ होता. सानिकाने तो पाहिला आणि नळ बंद केला.

नीलाक्षीने ते सांगितलं, कुठलाही सूर न लावता. एप्रिलमध्ये पहिल्यांदा झालं. त्याला भाजी चिरायची होती, तिने सुरी काढून घेतली, त्याने तिचं मनगट धरलं आणि सोडलंच नाही. शब्द मिळत नव्हता, हात सोडत नव्हता. नंतर तो रडला. मग एकदा ताट भिंतीवर आपटलं. मग पुन्हा मनगट. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की मेंदूच्या त्या भागाला इजा झाली की राग आवरत नाही. माणूस तोच असतो, फक्त त्याचा ब्रेक गेलेला असतो. तीस वर्षांत ज्याने आवाज चढवला नव्हता त्याचं हे वागणं कुणाला सांगायचं? सांगितलं तर तो तसाच आहे असं लोक म्हणतील.

“उद्या काय सांगणार आहेस?” सानिकाने विचारलं.

नीलाक्षीने नळ पुन्हा सोडला. तिला पुढचं सगळं दिसत होतं. भीती माझी नाही म्हटलं तर उदयन घरात कोंडला जाईल. भीती माझी आहे म्हटलं तर पुढचा प्रश्न येईल, त्याच्यासाठी की त्याची? आणि ‘त्याची’ असं म्हटलं की बायकांच्या संरक्षणाचा विभाग घरी येईल आणि कदाचित त्याला एखाद्या संस्थेत हलवतील. खोटं बोलणं सोपं होतं. ते पूर्ण खोटंही नव्हतं. पुलावर त्याचा पाय अडखळला की तिचा श्वास खरोखरच अडकायचा. पण परवा रस्ता ओलांडून तो आला तेव्हा फुटपाथवर गर्दी असली तरी मधला रस्ता रिकामा होता. गाडी नव्हती. तो धडपडलाही नव्हता. तो फक्त तिच्याकडे येत होता.

सानिका वरच्या खोलीत गेल्यावर ती उदयनसमोर जाऊन बसली. त्याला न सांगता परक्या लोकांपुढे हे बोलणं तिला बरोबर वाटेना. तिने सावकाश, सोप्या मराठीत सांगितलं. दिवे लोकांमुळे पांढरे होत नाहीत, माझ्यामुळे होतात. मला तुझी भीती वाटते. तू मनगट धरलंस त्या दिवसापासून.

त्याचा चेहरा लाल झाला. डावा हात टेबलावर आवळला गेला. तिने खुर्ची किंचित मागे सरकवली, आणि ती सरकताना त्याने पाहिली. तो हाताकडे बघत राहिला. ओठ बराच वेळ नुसते हलत होते. “खिडकी,” तो म्हणाला. मग मान हलवली. “नाही. मला...” पुन्हा थांबला. शेवटी त्याने लुळ्या उजव्या हाताकडे पाहिलं, मग आवळलेल्या डाव्या हाताकडे, मग ती मूठ स्वतःच्या छातीवर ठेवली.

“मला पण,” तो म्हणाला. “माझी.”

मराठीत ‘माझी भीती’चे दोन अर्थ होतात, मला वाटणारी आणि माझ्याबद्दल वाटणारी, पण त्यातला कुठला तो सांगतोय हे तिला समजलं.

फेरतपासणी कौन्सिलच्या एका लहान खोलीत झाली. ग्वेन होती आणि समितीचे दोन सभासद. सानिकाने दिव्यांबद्दलचा खुलासा व्यवस्थित मांडला. ट्रेव्हरने आपण पाहिलेलं सांगितलं. एक सभासद मान डोलावत होता. त्याला हे प्रकरण गोड शेवटाचं वाटू लागलं होतं. काळजीवाहू पत्नी, बिचारं यंत्र. तो म्हणाला की मिसेस कारखानीस यांनी एवढंच सांगावं, की भीती पतीच्या पडण्याचीच होती, म्हणजे विषय संपेल.

ग्वेनने समोरची फाइल मिटली. ती म्हणाली, “मी पोलिसात असताना हे वाक्य पुष्कळ घरांतून ऐकलंय. मला तेच ऐकायचं नाही. तुम्हाला जे सांगायचं असेल ते सांगा.”

“भीती माझी आहे,” नीलाक्षी म्हणाली. “बरीचशी त्याच्यासाठी. थोडी त्याची.”

सानिकाने डोळे मिटून घेतले.

“रस्त्यावरच्या माणसांना त्याच्यापासून काही धोका नाही,” ती पुढे म्हणाली. “त्याला चालू द्या. ट्रेव्हरबरोबर चालेल तो. मला मदत हवी आहे, पण ती घरात. रस्त्यावर नको.”

सूचना रद्द झाली. नियमानुसार घरचा विषय दुसऱ्या विभागाकडे गेला. एक समाजसेविका घरी येऊ लागली. सुरुवातीला नीलाक्षीला तिचा राग यायचा. उदयनला काही महिने दुसऱ्या गावच्या पुनर्वसन केंद्रात ठेवावं लागलं. तो गेला त्या दिवशी घर इतकं शांत झालं, की नीलाक्षीला गाढ झोप लागली, आणि सकाळी जाग आल्यावर त्या झोपेचीच लाज वाटली. केंद्रात त्याला चित्रांची पाटी वापरायला शिकवलं. शब्द नाही मिळाला तर बोट ठेवायचं. रागाची चाहूल लागली की खोलीबाहेर जायचं, हेही शिकवलं. तो परतला तेव्हा तळमजल्यावरच्या खोलीत राहू लागला. सुरी नीलाक्षी आता काढून घेत नसे; ती स्वतः स्वयंपाकघराबाहेर जाऊन बसे. एकदोनदा ताट फुटलं. मनगट पुन्हा धरलं गेलं नाही. ते पूर्वीसारखे झाले असं म्हणता येणार नाही, पण एकाच टेबलावर बसून जेवत होते. चालायला तो ट्रेव्हरबरोबर जाई.

कौन्सिलमध्ये मात्र नीलाक्षीच्या त्या एका वाक्याचे परिणाम लांबवर गेले. ग्वेनने कंपनीच्या तंत्रज्ञांना एक साधा प्रश्न विचारला होता. भीतीची लाट उठते तेव्हा घाबरलेला माणूस एकटा असतो, की कुणाबरोबर चालत असतो? नावं नकोत, चालीही नकोत, फक्त एवढंच काढा. त्यांनी गेल्या वर्षाची मोजमापं पुन्हा गणितात घातली. गावातली निम्म्याहून जास्त भीती परक्यांमुळे नव्हतीच. ती शेजारी चालणाऱ्या माणसामुळे होती. आणि आणखी एक गोष्ट निघाली. राहत्या गल्ल्यांमध्ये संध्याकाळी काही माणसं घराच्या जवळ येत तसतशी त्यांची भीती वाढत जायची. अंधाऱ्या बोगद्यात, कालव्याच्या वाटेवर ती कमी असायची. सगळ्यात जास्त असायची ती स्वतःच्या दारापाशी.

समितीने ते निष्कर्ष ऐकले आणि एका बैठकीत विषय निकालात काढला. दिवे रस्त्यांच्या सुरक्षिततेसाठी आहेत. घराच्या उंबऱ्याआत कौन्सिलला डोकवायचं नाही. एकत्र चालणाऱ्यांची आणि दारापाशी उठणारी भीती यापुढे गणितातून वगळावी, असं कंपनीला कळवण्यात आलं. बदल एका आठवड्यात झाला. बरेचसे दिवे कायमचे पिवळे झाले. त्या वर्षीच्या अहवालात हॅदरस्टनमधली भीती निम्म्यावर आल्याचं जाहीर झालं आणि शेजारच्या दोन शहरांनी तीच योजना मागवली.

हे सगळं ग्वेनने नीलाक्षीला दुकानात सांगितलं, वाचायचा चष्मा निवडता निवडता. तोवर पुन्हा थंडी सुरू झाली होती. तिने तीन-चार फ्रेम लावून पाहिल्या, एकही पसंत केली नाही.

“एक विचारू?” ती म्हणाली. “गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मी तुमचं दार वाजवलं असतं तर?”

नीलाक्षीने थोडा विचार केला. “सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं असतं. चहाही दिला असता.”

“मग माझ्या येण्याचा उपयोग काय झाला असता?”

“दुसऱ्यांदा आला असतात तर चहा दिला नसता. तिसऱ्यांदा कदाचित बोलले असते.”

ग्वेनने फ्रेम काउंटरवर ठेवली. कौन्सिलची अधिकारी म्हणून तिला कुणाच्या दारात जायची परवानगी नव्हती, पण सुटीच्या दिवशी फिरायला जायला कुणाची हरकत नव्हती. ते दिवे आता पिवळेच असतात, ती म्हणाली, पण आधी कुठे पांढरे व्हायचे ते तिच्या लक्षात आहे. एकटी गेली तर तिच्या चालण्याबोलण्यात लोकांना अजून पोलीस दिसतो. कुणीतरी दुसरं सोबत हवं.

नीलाक्षीने त्या वेळी होकार दिला नाही. दोन दिवसांनी फोन करून दिला.

गुरुवारी दुपारी तिने दुकान लवकर बंद केलं. दोघी कालव्यापलीकडच्या एका गल्लीत गेल्या. विटांच्या घरांची सलग रांग होती, दारात लहान मुलांच्या सायकली. ग्वेन कोपऱ्यावर थांबली. नीलाक्षीने एका दाराची बेल वाजवली.

बऱ्याच वेळाने एका तरुण बाईने दार उघडलं, अर्धंच. नीलाक्षीने आपलं नाव सांगितलं, हाय स्ट्रीटवर चष्म्याचं दुकान आहे म्हणाली, आणि आपल्या घरी काय झालं होतं ते दोन-तीन वाक्यांत सांगितलं. बाई ऐकत होती. आतून पुरुषाचा आवाज आला, कोण आहे म्हणून. बाईने मागे वळून पाहिलं.

“इथे सगळं ठीक आहे,” ती म्हणाली.

“बरं,” नीलाक्षी म्हणाली. “मी पुढच्या गुरुवारी येते.”